चार बेच्या (डिस्कचे चार कप्पे असलेल्या) डब्यात रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत) कुठलं लावू?

अरे, आधी डब्यात ठेवणार काय ते ठरव. ४ टीबीच्या चार डिस्क असतील तर रेड ५ मध्ये १२ टीबी हाती लागतात आणि एक डिस्क मेली तरी चालतं, रेड १० मध्ये (प्रत्येक डेटाची दुसऱ्या डिस्कवर प्रत असते) ८ च मिळतात पण छोट्या छोट्या फायली सतत लिहायच्या असतील तर तेच बरं, कारण रेड ५ ला प्रत्येक बारक्या राइटला जुना डेटा नि पॅरिटी (मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) आधी वाचावी लागते, मग दोन्ही परत लिहायचं. नुसते लग्नाचे व्हिडिओ साठवायचे असतील तर ५ पुरे. रेड ० च्या नादी लागू नकोस, त्यात एक डिस्क मेली की सगळं गेलं.

डिस्क घेताना एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) टाळ, सीएमआरच (सुट्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) घे, नाहीतर रीबिल्ड (मेलेल्या डिस्कच्या जागी घातलेली नवी डिस्क भरणं) संपता संपत नाही. आणि प्रत्येक ट्रेवर सिरियल नंबरची चिठ्ठी चिकटव, मी एकदा लाल दिवा बघून घाईत शेजारची चांगली डिस्क उपसली होती, अख्खा अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कचा संच) बसला, रात्रभर घाम! डब्याचा कंट्रोलर (रेड चालवणारं सर्किट) गेला तर दुसऱ्या डब्यात डिस्क वाचल्या जातीलच असं नाही, म्हणून मी जेबीओडी (डब्याचं रेड न लावता डिस्क सुट्या) ठेवून लिनक्सवर एमडीएडीएम (सॉफ्टवेअरनं रेड करायचं साधन) वापरतो. यूपीएस लावच. बॅकअप वेगळा ठेव, रेडलाच बॅकअप धरू नकोस.