बोगदा की बोट? लेस्टरहून गाडीनं स्वित्झर्लंडला निघालेल्या सहा जणांचा हिशेब

प्रश्न: आम्ही लेस्टरला राहतो. मी, पत्नी, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं. चौघांचे पासपोर्ट ब्रिटिश. जूनमध्ये नाशिकहून आई-बाबा येणार आहेत. ऑगस्टमध्ये सहाही जणांनी गाडीनं पॅरिसजवळच्या डिस्नीलँडला तीन रात्री आणि इंटरलाकेनला सहा रात्री असा बेत आहे. गाडी सात आसनी, लीजवरची. टपावर सामानाची पेटी लावू. फ्रान्सच्या कॅले बंदराला जायला समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारी नेणाऱ्या शटल रेल्वेचं एका बाजूचं भाडं २०८ पौंड, परतावा मिळणारं २५६. डोव्हरहून निघणाऱ्या फेरीचं, म्हणजे मोटारी नेणाऱ्या बोटीचं, १४२, परतावा मिळणारं १७१. बाबांचे गुडघे आखडतात, आईला मधुमेह आहे. आई-बाबांच्या शेंगेन व्हिसाचा (फ्रान्स, स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज अजून केलेला नाही. भाडी वाढायच्या आत फेरीचं स्वस्त तिकीट काढून टाकू का?

उत्तर: नमस्कार. आत्ता स्वस्त तिकीट काढू नका. माझं मत जाताना फेरी आणि येताना बोगदा असं आहे. पण त्याआधी घरात एका गोष्टीचा निर्णय व्हायला हवा: आई-बाबांना व्हिसा मिळाला नाही, तर तुम्ही चौघं जाणार का?

यावर तिकिटाचा सगळा हिशेब फिरतो. शटलचं भाडं गाडीचं असतं, आत नऊ जणांपर्यंत कितीही बसा. म्हणजे दोघं कमी झाले तरी चौघं जाणार असाल तर तिकीट वाया जात नाही, आणि परताव्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण उरत नाही. आई-बाबांशिवाय जायचंच नाही असं असेल तर सगळी रक्कम टांगणीला लागते. फेरी आणि बोगदा एकेक बाजूनं घेतला तर साध्या तिकिटांचे ३५० पौंड होतात, परतावा मिळणाऱ्यांचे ४२७. फरक ७७ पौंडांचा. बेत मोडण्याची शक्यता पाचात एकापेक्षा जास्त वाटत असेल तर हे ७७ पौंड खर्च करण्यात शहाणपण आहे. व्हिसाचा अर्जच झालेला नसताना मी तरी ती शक्यता त्याहून कमी धरणार नाही. नऊ रात्रींच्या खोल्यांचे पैसे याच्या कितीतरी पट आहेत, तेव्हा हॉटेलंही फुकट रद्द करता येतील अशीच घ्या. तिकिटावर जपून खर्च करायचा आणि हॉटेलचे पैसे आगाऊ भरून मोकळं व्हायचं, ही चूक फार घरांत होते.

आता व्हिसा. पाहुणा म्हणून ब्रिटनमध्ये आलेल्यांचा शेंगेन अर्ज तिथं सहसा घेतला जात नाही. तो राहत्या देशातूनच करायचा असतो. आई-बाबांचा अर्ज जूनमध्ये निघण्याआधी भारतातच व्हायला हवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कागदपत्रांत शंका निघाली तर ४५ दिवसांपर्यंत लागतात. पासपोर्ट एकच असल्यानं आधी ब्रिटनचा व्हिसा, मग शेंगेनचा, असा क्रम ठेवा. जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडे; फ्रान्समधून आत शिरताय यानं फरक पडत नाही. माणशी शुल्क ९० युरो, अर्ज नाकारला तर परत मिळत नाही, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो फक्त शेंगेनसाठी वेगळा न घेता भारतातून निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंत ब्रिटन आणि युरोप दोन्ही धरणारी एकच पॉलिसी घेतली तर बहुधा स्वस्त पडते. आईचा मधुमेह अर्जात लिहा आणि आधीपासूनच्या आजारासाठी पॉलिसी किती रुपयांपर्यंत जबाबदारी घेते ते लेखी मागा. मधुमेह लपवून वाचवलेला हप्ता हॉस्पिटलच्या एका रात्रीत जातो.

बोट की बोगदा याचा निर्णय निव्वळ भाड्यावर करू नका. लेस्टर ते किनारा सुमारे २७० किलोमीटर आहे, वाटेत लंडनभोवतीच्या एम२५ महामार्गावर थेम्स नदी ओलांडायचं डार्टफर्ड क्रॉसिंग आहे. ऑगस्टच्या शनिवारी हा टप्पा साडेतीन-चार तास सहज खातो. बोगद्यातून गेलात तर फोकस्टोनला गाडीत बसूनच गाडी शटलमध्ये चढते, ३५ मिनिटांत पलीकडे, आणि लगेच पुढं डिस्नीलँडपर्यंत जवळजवळ ३०० किलोमीटर. आखडलेल्या गुडघ्यांच्या माणसासाठी हे सलग बसणं फार आहे. शटलमध्ये गाडीबाहेर उभं राहता येतं, पण नीट पाय मोकळे होत नाहीत आणि खायला काही मिळत नाही. कॅलेची फेरी दीड तास घेते. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रोनं गेला असाल तर गाडी पोटात घेऊन जाणारी बोट तुम्हाला नवी नाही. इथं समुद्रात असताना गाडीच्या डेकवर थांबता येत नाही, सगळ्यांनी वर जायचं. तिथं टेबलाशी बसून जेवण, चालायला जागा आणि गाडी चालवणाऱ्याला खरी विश्रांती मिळते. आईचं जेवण वेळेवर होतं. कॅलेला उतरून हॉटेलात एक रात्र काढायची गरज बहुधा राहत नाही, आणि सहा जणांच्या दोन खोल्या टळल्या तर भाड्यातल्या फरकाहून जास्त पैसे वाचतात.

बाबांसाठी बुकिंग करतानाच लिफ्टजवळ गाडी लावण्याची विनंती नोंदवा, आणि चेक-इनला पुन्हा सांगा. नाहीतर गाडी कुठल्याही कोपऱ्यात लागते आणि अरुंद लोखंडी जिने चढावे लागतात. गोळ्या, इन्सुलिन, स्वेटर आधीच एका पिशवीत काढून ठेवा. डेकची दारं बंद झाली की खाली जाता येत नाही. गाडीचा अलार्म बंद, हँडब्रेक ओढलेला. डंकर्कची फेरीही निघते, पण तिला सुमारे दोन तास लागतात. भाडं बरंच कमी दिसलं तरच तिचा विचार करा.

परतीचं गणित उलटं आहे. इंटरलाकेनहून बासेलमार्गे कॅले साडेआठशे किलोमीटर. हे एका दिवसात करू नका. फ्रान्समधल्या रॅन्सला (Reims) मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी पावणेतीनशे किलोमीटर उरतात. तरी दोन दिवसांच्या रस्त्यानंतर किनाऱ्याला पोहोचण्याची वेळ तासा-दोन तासांनी सरकतेच. गर्दीच्या वेळी शटल तासाला अनेक सुटतात, त्यामुळं उशीर झाला तर पुढच्या शटलमध्ये जागा मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय थकलेल्या माणसांना पुन्हा चढ-उतार नको. परतीचे ६६ पौंड (परतावा मिळणाऱ्या तिकिटात ८५) जादा मी याचसाठी देईन. दोन्ही बाजूंनी बोगदा घेण्यापेक्षा तेवढेच पौंड तरीही वाचतातच.

हारविचहून हूक ऑफ हॉलंडला जाणारी रात्रीची बोटही अनेक जण सुचवतात. झोपेत समुद्र ओलांडायचा आणि जर्मनीतून टोलशिवाय उतरायचं, हे फक्त स्वित्झर्लंडला जाणाऱ्या चौघांना छान जमतं. रात्रीच्या फेरीला केबिन घ्यावीच लागते. सहा जणांना दोन केबिन, आणि तुमचं डिस्नीलँड त्या वाटेवर नाही. सोडून द्या.

टपावरची पेटी मात्र गांभीर्यानं घ्या. शटलसाठी १.८५ मीटर ही महत्त्वाची रेषा आहे. त्याहून उंच गाडी वेगळ्या, एकमजली डब्यात जाते आणि बुकिंगमध्येच ‘उंच’ म्हणून नोंदवावी लागते. पेटीशिवाय तुमची गाडी या रेषेखाली बसत असेल, पण आडव्या दांड्या आणि पेटी मिळून चाळीस-पन्नास सेंटिमीटर वाढतात. पेटी बसवून, सामान भरून, टेपनं मोजा. नोंद चुकीची असेल तर तुमच्या वेळेच्या शटलमध्ये उंच गाड्यांची जागा भरलेली असू शकते. फेरीच्या बुकिंगमध्येही खरी उंची लिहा. फ्रान्समधल्या भूमिगत पार्किंगमध्ये शिरण्याआधी पाटी वाचा. एलपीजीवर चालणारी गाडी शटल घेत नाही. तुमची पेट्रोल, डिझेल किंवा विजेची असेल तर अडचण नाही.

तिकिटाबाहेरचा खर्चही आत्ताच मांडून ठेवा. एकूण फिरणं अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. शंभराला सात लिटर धरले तर १७५ लिटर, पेटीमुळं त्याहून थोडं जास्त. फ्रान्समध्ये हमरस्त्यावरचा पंप महाग असतो, गावातल्या सुपरमार्केटचा स्वस्त. फ्रान्सचे टोल दोन्ही वाटांचे मिळून शंभर युरोच्या वर जातील. स्विस महामार्गाचं विन्येट (तिथले महामार्ग वापरायचा परवाना) ४० फ्रँकचं, वर्षासाठी एकच किंमत. ते ऑनलाइन गाडीच्या नंबरावर सरकारी पोर्टलवरूनच घ्या, कारण मधले विक्रेते त्यावर आपला आकार चढवतात. विन्येट नसेल तर २०० फ्रँक दंड. डार्टफर्डचे ३.५० पौंड दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरा, तिथं नाका नाही. रात्री दहा ते सकाळी सहा फुकट. परदेशात कार्ड मशीननं ‘पौंडात द्यायचे का’ विचारलं तर नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात द्या.

तिकीट क्रेडिट कार्डानं काढा. शंभर पौंडांच्या वरच्या खरेदीत, १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार, सेवा न मिळाल्यास कार्ड कंपनीही जबाबदार राहते. फेरीबाबत आणखी एक हक्क आहे: चार तासांपर्यंतच्या प्रवासात पोहोचायला एक तास किंवा जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के भरपाई मागता येते, उशीर दोन तासांच्या वर गेला तर ५० टक्के. वादळामुळं झालेल्या उशिराला ती लागू नाही.

सीमेवरचा वेळ हिशेबात धरा. फ्रान्सची तपासणी डोव्हर आणि फोकस्टोनलाच होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झालेल्या नव्या नोंदणी पद्धतीत युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांचा फोटो घेतात, बहुतेकांच्या बोटांचे ठसेही. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. सहा माणसांची पहिली नोंदणी लगेच उरकत नाही. दोन तास हाताशी ठेवून पोहोचा. गाडीत खायला चिवडा, भडंग, तेलातली दशमी चालेल. तूप, पेढे, श्रीखंड, चीज, मांस युरोपीय संघात नेता येत नाही. १२ एप्रिल २०२५ पासून परतताना ब्रिटनमध्येही युरोपातलं चीज आणि गाई-म्हशी-शेळ्या-मेंढ्या-डुकरांचं मांस आणायला बंदी आहे. चॉकलेट आणा.

आणि लीजची गाडी. तिचं नोंदणीपत्र तुमच्या नावावर नसतं, म्हणून लीज कंपनीची लेखी परवानगी आणि नोंदणीपत्राऐवजी चालणारं व्हीई१०३ हे प्रमाणपत्र लागतं. काही कंपन्या त्याचं वेगळं शुल्क लावतात आणि कागद यायला दिवस जातात. विमा कंपनीला प्रवासाच्या तारखा कळवा. तुमची पॉलिसी इथं सर्वंकष असली, तरी युरोपात ती अनेकदा फक्त तिसऱ्या पक्षापुरती, म्हणजे तुमच्यामुळं दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीपुरती उरते, आणि लीजच्या गाडीचं नुकसान झालं तर ते तुमच्याच खिशातून जातं. सर्वंकष विमा आणि स्वित्झर्लंड धरणारी रस्त्यावरची मदत यांचे दर हातात आल्यावर बेताचा खरा आकडा कळेल. हे दोन फोन या आठवड्यात करा. आई-बाबांची व्हिसा भेटीची तारीख ठरली, की त्याच दिवशी दोन्ही तिकिटं काढा; आई-बाबांशिवाय जायचंच नसेल तर परतावा मिळणारी.