स्फुरद देण्याआधी माती ओळखा

आधी मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी) तपासून घ्या. खताची मात्रा त्यानंतर ठरवू. स्फुरद (फॉस्फरस) मातीत पडला म्हणजे पिकाला मिळाला, असं होत नाही. आम्लधर्मी लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं त्याला घट्ट धरतात. चुनखडीच्या, ८ च्या आसपास सामू असलेल्या जमिनीत तो कॅल्शियमशी जुळून हळूहळू अविद्राव्य होतो. ६ ते ७ सामूत ही पकड सगळ्यांत सैल असते. रेताड जमीन फारसं धरत नाही, तिथे एकदम मोठा हप्ता देऊ नका, पाण्याबरोबर खाली जाऊ शकतो.

माती परीक्षणातही हे लक्षात ठेवा: उपलब्ध स्फुरद मोजायच्या प्रयोगशाळेतल्या पद्धती वेगळ्या आहेत, चुनखडीच्या व विम्ल (अल्कधर्मी) मातीसाठी ओल्सन पद्धत, आम्लधर्मी मातीसाठी ब्रे पद्धत. पद्धत चुकली तर आकडा फसवतो, आणि मग वर्षभराचं नियोजन चुकतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रेताड जमीन सोडली तर स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. म्हणून पकड जास्त असलेल्या जमिनीत खत फोकून देऊ नका, बियाण्याच्या थोडं खाली, बाजूला पट्ट्यात पेरा. सोबत कुजलेलं शेणखत द्या, त्यातली सेंद्रिय आम्लं मातीच्या कणांवरच्या स्फुरद धरणाऱ्या जागा अडवतात.