दारोदार मागणं आपल्यात नसतं?

चि. सईस अनेक आशीर्वाद.

रविवारी इथून, अमेरिकेतून, व्हिडिओवर तू आजीला हॅलोविनचा पोशाख दाखवलास, ३१ ऑक्टोबरला सोंग घेऊन घरोघरी मागायची ती कँडी भरायला काढून ठेवलेला उशीचा अभ्रा दाखवलास, आणि आजी म्हणाली, "दिसतेस छान गं, पण असं दारोदार मागत फिरणं आपल्यात नसतं." फोन ठेवल्या ठेवल्या तू मला विचारलंस, खरंच नसतं का? मग तुम्ही लहानपणी काय करायचात? आणि वर, घरात दिवाळीच्या चकल्या अजून उरल्यात, तर त्या आपण दारात येणाऱ्या मुलांना का देत नाही? मी कुकर लावत होते, म्हणून "नंतर सांगते" म्हणाले. मराठी शाळेमुळे तू आता जोडाक्षरंही न अडखळता वाचतेस, तेव्हा लिहूनच देते.

आधी आजीचं बघू. "आपल्यात नसतं" म्हणणाऱ्या याच आजीला नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागताना मी पाहिलंय. घरात काही कमी नव्हतं. पण देवीच्या नावाने पाच दारी उभं राहायचं, मूठभर पीठ किंवा तांदूळ घ्यायचे, हा कुळाचार. पाटलीणबाई असो की मास्तरीणबाई, मागायला जायचंच. आणि मामाच्या मुलाची मुंज आठवते ना? झोळी पुढे करून तो "ॐ भवति भिक्षां देहि" म्हणाला आणि पहिली भिक्षा त्याला त्याच्या आईने घातली. त्या भिक्षावळीतले लाडू संपवण्यात तुझा हात मोठा होता. भल्या पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, देवीचा पोतराज, पोलिसाचं सोंग घेऊन सगळ्या गल्लीला फसवणारा बहुरूपी, हे सगळे मागणारेच. तेव्हा मागणं आपल्यात नसतं, हे काही मला पटत नाही.

पण आजीला खटकलं ते मला कळतं. वासुदेव गायचा, दान देणाऱ्याच्या वाडवडिलांची नावं घ्यायचा. बहुरूपी करमणूक करायचा. कुणी नुसताच पिशवी उघडून उभा राहत नसे. तिला तुझा अभ्रा दिसला आणि त्याबरोबर तू दारात काय करणार, ते दिसलं नाही. तसं तू तरी काय करतेस? 'ट्रिक ऑर ट्रीट', म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, एवढं म्हणतेस आणि पळतेस.

आता आमचं. सांगलीला आमचा हादगा असायचा. पुण्याकडे त्याला भोंडला म्हणतात, आणि तिथे तो नवरात्राचे नऊ दिवस करतात. आमच्याकडे सूर्य हस्त नक्षत्रात आला की सुरू, तो सोळा दिवस. भिंतीवर हत्तींचं चित्र लावायचं, त्याला फळांच्या, भाज्यांच्या, फुलांच्या माळा. गल्लीतल्या सगळ्या मुली रोज एकेकीच्या घरी जमायच्या, हात धरून फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत वाढत सोळाव्या दिवशी सोळा. गाण्यांना अर्थ फारसा नसायचा. सासर, माहेर, कारल्याचा वेल, रुसलेली सून. आम्ही आठ-नऊ वर्षांच्या पोरी तारस्वरात सासूची गाऱ्हाणी गायचो.

गाणी संपली की खिरापत. आणि ती सहजासहजी हातात पडायची नाही. त्या घरची मुलगी बंद डबा घेऊन मधे यायची आणि तो कानाशी हलवायची. आतून आवाज कसा येतो त्यावरून ओळखायचं. खडखड वाजलं तर शेंगदाण्याचे लाडू किंवा शंकरपाळे, खुसखुस वाजलं तर भडंग, काहीच वाजलं नाही तर वाटली डाळ, शिरा नाहीतर साटोरी. मग ओरडा सुरू, "तिखट की गोड?" "कोरडं की ओलं?" "फराळाचं की जेवणातलं?" खिरापत पहिल्या फटक्यात ओळखली गेली तर त्या घरच्या बाईचं नाक कापल्यासारखं व्हायचं. म्हणून बायका आठवडाभर आधीपासून डोकं लढवायच्या. आजी यात पक्की बिलंदर. एकदा तिने डब्यात उकडलेली रताळी ठेवली आणि वर मुद्दाम चार सुटे शेंगदाणे टाकले. आम्ही चिक्कीपासून चिवड्यापर्यंत सगळं म्हणून पाहिलं, शेवटी हरलो. रताळी हातात पडल्यावर मुलींनी नाकं मुरडली ती वेगळीच.

म्हणजे बघ, आम्हीही दारोदारच जायचो, खाऊसाठीच जायचो. संक्रांतीला हलव्याची डबी घेऊन जायचो, चार दाणे द्यायचे, चार घ्यायचे. दसऱ्याला आपट्याची पानं, तीही तशीच. तुझ्या बाबांच्या कोकणात शिमग्याला सोंगं घरोघरी जायची, नाचायची आणि पोस्त मागायची. संकासुराची उंच टोकदार टोपी आणि काळा झगा पाहून बाबा म्हणे माजघरात लपून बसायचे. होळीला लाकडं, गोवऱ्या मागायला मुलं यायची. कुणी नाही दिलं तर रात्रीत त्याची मोडकी खाट होळीत. तुमच्या ट्रिक ऑर ट्रीटमधली ट्रिक ती हीच, असं म्हणायला हरकत नाही.

आता तुमचं. इथे तुला मजा वाटेल. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन घरोघरी जायची, आणि तिथेही नुसतं मागून मिळायचं नाही. गाणं म्हणायचं, कविता म्हणायची, कोडं घालायचं, मग सफरचंद, अक्रोड नाहीतर एखादं नाणं. इंग्लंडमध्ये तर मृतात्म्यांसाठी प्रार्थना करायच्या बदल्यात लोक छोटे केक मागत. आपल्या पितृपक्षात पितरांसाठी पान वाढतात, त्याच्या आसपासचंच हे. तिकडची माणसं अमेरिकेत, कॅनडात आली आणि हा सण घेऊन आली.

इथे सुरुवातीला खोड्याच जास्त होत्या. फाटकं काढून नेणं, गाड्या उलट्या करणं, खिडक्यांना साबण फासणं. 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द छापून आलेल्या जुन्या बातम्यांपैकी एक १९२७ सालची आहे, कॅनडातल्या अल्बर्टामधल्या ब्लॅकी गावची. तीही अशाच खोडकर पोरांची. मोठ्यांनी मग शहाणपण केलं. पोरांना खाऊ देऊन गप्प बसवलं. आयोवातल्या डी मॉइन शहरात १९३८ मध्ये पोरांनी इतका धुडगूस घातला की शहराने मुलांसाठी आदल्या दिवशीची संध्याकाळच ठरवून दिली, आणि दारात आल्यावर काहीतरी करून दाखवायचं अशी रीत पाडली. तिथली मुलं आजही कँडीआधी एक विनोद सांगतात. विनोद भिकार असतात म्हणे, पण सांगावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, ते १९४७ पर्यंत होतं. ते उठलं आणि ट्रिक ऑर ट्रीट देशभर फोफावलं. आपल्या समोरच्या घरातले आजोबा त्यानंतरच्या काळातले, फिलाडेल्फियाजवळ वाढलेले. ते सांगतात, त्यांच्या लहानपणी दारात घरी केलेले पॉपकॉर्नचे लाडू मिळायचे. पाकात वळलेले, मेणकागदात गुंडाळलेले. कुठे कुकी, कुठे सफरचंद, कुठे पाच सेंटचं नाणं. कुठल्या घरचे लाडू दाताला चिकटतात आणि कुठे लोणी सढळ हाताने घालतात, हे पोरांना पाठ असायचं. १९५० मध्ये त्यांच्याच भागात मुलांनी दुधाचे रिकामे खोके सजवून युनिसेफसाठी पैसे गोळा केले. पहिल्या वर्षी जमले सतरा डॉलर. पुढे ती चाल देशभर गेली आणि त्यांनीही खोका वाजवत पैसे मागितले. पॉपकॉर्नच्या लाडवांचं ऐकून मला आमच्या राजगिऱ्याच्या लाडवांची आठवण आली. तसं मी त्यांना म्हणाले, तर म्हणाले, "मग करून आण!" आणले. त्यांनी खाल्ले. पण ३१ तारखेला तेच लाडू मी दारात ठेवू शकत नाही, आणि इथे तुझ्या चकलीचा प्रश्न येतो.

१९७४ मध्ये टेक्सासमधल्या डियर पार्क गावी एक मुलगा हॅलोविनची कँडी खाऊन गेला. त्यात सायनाइड होतं. तपासात निघालं की ते कुणा शेजाऱ्याने दिलेलं नव्हतं. खुद्द बापाने विम्याच्या पैशासाठी घातलं होतं. पुढे १९८२ मध्ये, हॅलोविनच्या तोंडावर, शिकागोकडे डोकेदुखीच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं गेली. त्याचा कँडीशी काही संबंध नव्हता, पण भीती भीतीला मिळाली. दवाखान्यांत कँडीचे एक्स-रे काढून देऊ लागले. घरी केलेलं काहीही आलं की आया सरळ कचऱ्यात टाकू लागल्या. जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी माणसाने दारात दिलेल्या खाऊने मूल दगावल्याचं त्यांना एकही प्रकरण सापडलं नाही. एकही नाही, सई! आणि तेवढ्यासाठी देशभरातले पॉपकॉर्नचे लाडू गेले. मला याचा राग येतो. फॅक्टरीतून आलेलं, पाकीटबंद, नाव छापलेलं तेवढं सुरक्षित, आणि समोरच्या दारातली बाई मात्र संशयित.

तरी चकली न देण्याचं माझं कारण वेगळं आहे, आणि ते मला पटलेलं आहे. तुझ्या वर्गातल्या त्या मुलाला शेंगदाण्याचा कण चालत नाही, तुला माहीतच आहे. आपला फराळ म्हणजे शेंगदाणे, काजू, तीळ, दूध, तूप. चिवडा आणि चकली एकाच कढईत तळलेली. पाकिटावर मागे घटक छापलेले असतात, माझ्या डब्यावर काय छापलंय? म्हणून आपल्या पोर्चमध्ये तो निळसर हिरवा भोपळा असतो. २०१४ पासून देशभर ही चाल पडली आहे. तो दिसला की ॲलर्जी असलेल्या मुलांना कळतं, इथे खाण्याव्यतिरिक्तही काही मिळेल. त्या पेन्सिली आणि अंधारात चमकणाऱ्या बांगड्या त्यासाठी. तुला त्या कंटाळवाण्या वाटतात, पण त्या मुलाची आई दर वर्षी फाटकापासून हात करते.

ज्यांना आपण ओळखतो, ज्यांना घटक सांगता येतात, त्यांना फराळ जातोच. २०२४ मध्ये आपली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती, आठवतं? पहाटे उटणं लावून तुला आंघोळ घातली, तू अर्धवट झोपेत कारीट कुठे म्हणून विचारलंस, आणि न्यू जर्सीत कारीट कुठून आणणार म्हणून बाबांनी अंगठ्याखाली चेरी टोमॅटो फोडायला दिला. गोव्यात त्याच पहाटे नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे जाळतात. इथे त्याच संध्याकाळी दारोदार राक्षस फिरत होते. दुपारी समोरच्या आजोबांकडे फराळाचं ताट दिलं, सहानंतर त्यांच्याच नातवंडांच्या पिशवीत पाकीटबंद चॉकलेट टाकलं. ते ताट आजोबांनी रिकामं परत पाठवलं नाही, सफरचंदं घालून पाठवलं. आपल्याकडे ताट रिकामं परतवत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

बाकी बदललंय बरंच. चर्चच्या आणि शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून तिथल्या तिथे कँडी वाटतात. सोय आहे, लहान मुलांसाठी ठीक आहे, पण दारावरची घंटा वाजवायची धडधड त्यात नाही. काही लोक मुलांना गाडीत घालून मोठ्या चॉकलेटांसाठी प्रसिद्ध असलेल्या श्रीमंत वस्तीत नेतात. त्याबद्दल नावं ठेवतात, मी ठेवत नाही. स्वतःच्या वस्तीत दिवे विझलेले असतील तर मुलाने कुठे जायचं? मला आवडत नाही ती पोर्चमध्ये ठेवलेली परात आणि 'एकच घ्या' ही चिठ्ठी. माणूस घरात असून दार उघडत नाही, वर कॅमेऱ्यातून बघतो. आपण घरी असलो तर दार उघडायचं.

त्या दिवशी तू दारात काय करायचंस, ते मी ठरवलंय. संध्याकाळी पाच ते सहाच्या वेळात छोटी मुलं येतात, तेवढा वेळ तू घरी थांब. २००७ पासून घड्याळं मागे घ्यायचा दिवस नोव्हेंबरात गेला, त्यामुळे तेव्हा उजेड असतो, भुतंसुद्धा गोजिरवाणी दिसतात. कँडी डब्यात घालून झाकण लाव. कुणी आलं की डबा हलव आणि विचार, आत काय? बरोबर ओळखलं तर दोन, चुकलं तर एक. रांग लागली तर लागू दे. नंतर तू तुझ्या मैत्रिणींबरोबर जा, आणि प्रत्येक दारात निदान एक विनोद सांगून ये.

आणि आजीला आज फोन कर. विचार, सोळाव्या दिवसाची सगळ्यात अवघड खिरापत कुठली केली होतीस. तिचा राग जाईल, आणि तुला चार युक्त्या मिळतील. डबा स्टीलचा घे. प्लॅस्टिकच्या डब्यात आवाज कळत नाही.

तुझी,
आई