ट्रायलला पेशंट मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. डायबेटिसच्या गोळीची ट्रायल, म्हणजे पेशंटवर चाचणी, चालू आहे. आमच्याकडून १२० पेशंट पाहिजेत, आठ महिने झाले आणि ४६ च झालेत, त्यातले १३ जण तिसऱ्या व्हिजिटपासून फिरकलेच नाहीत. सर म्हणतात फोन करत राहा. संमतीपत्रावर सही करतात आणि मग येत का नाहीत हे लोक?

उत्तर : अगं, पहिली गोष्ट म्हणजे हे फक्त तुझ्याकडेच होतंय असं मनात आणू नकोस. ब्रिटनमध्ये १९९४ ते २००२ या काळातल्या ११४ ट्रायल तपासल्या होत्या, त्यातल्या एक तृतीयांशांनीसुद्धा सुरुवातीला ठरवलेला पेशंटचा आकडा गाठला नव्हता. ट्रायल सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना वाटतं की असे पेशंट तर आपल्या ओपीडीत रोज येतात, आणि प्रत्यक्षात वय, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), चालू असलेलं इन्सुलिन असं एकेक बघत गेलं की दहातले आठ बाहेर. म्हणून उद्यापासून एक रजिस्टर घाल, ज्याला ज्याला विचारलं त्याच्यापुढे का घेतला नाही किंवा तो का नाही म्हणाला हे एका ओळीत लिही. महिन्याभरात तुलाच दिसेल की अडतंय कुठे. एकाच अटीमुळे निम्मे जात असतील तर ते रजिस्टर सरांच्या टेबलावर ठेव, प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा लेखी आराखडा, बदलायचा की नाही ते स्पॉन्सर (ट्रायल करवून घेणारे) आणि एथिक्स कमिटी (पेशंटचं हित बघणारी समिती) बघतील, पण ते आधी त्यांना कळायला तर पाहिजे ना.

आता ते १३ जण. मला विचारशील तर माणूस ट्रायल सोडतो तो औषधापेक्षा आपण त्याला कसं वागवतो यामुळे जास्त. त्याला सकाळी आठला उपाशीपोटी बोलवायचं, तो पहाटेच्या एसटीनं येतो, रोज बुडवून येतो, आणि रक्त घेतात साडेअकराला कारण टेक्निशियन दुसरीकडे असतो. घेरी येते बिचाऱ्याला! घरी जाऊन बायकोला सांगतो की परत नाही जायचं, आणि तू फोन केलास की म्हणतो, येतो मॅडम पुढच्या आठवड्यात. तुझ्याकडे असं होतंय का ते आधी बघ. ट्रायलच्या पेशंटचं रक्त सगळ्यात आधी, त्यानंतर लगेच डायबेटिसवाल्याला चालेल असा नाष्टा, आणि प्रवासाचे व बुडलेल्या रोजाचे पैसे त्याच दिवशी हातात, पुढच्या बिलात नाही. ही रक्कम एथिक्स कमिटीनं मंजूर केलेली असायला हवी आणि संमतीपत्रात लिहिलेली हवी, पण मागायला लाजू नका, तो त्याचा खर्च आहे, लाच नाही.

तारखा देताना पण कॅलेंडर जरा गावाचं बघ. ऊसतोडीला जाणारा माणूस दसऱ्यानंतर गेला की उन्हाळ्यातच परत येणार, त्याला डिसेंबरची व्हिजिट देऊन उपयोग काय? हे सही घ्यायच्या आधीच विचारायचं. फोन नंबर एक नको, दोन-तीन घे, कारण मोबाईल पोराकडे असतो आणि सिम बदलतं. पण कुणाकुणाला फोन केलेला चालेल हे पेशंटला विचारूनच लिही, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. सुनेला कळायला नको असलेली साखर तुझ्या फोनमुळे कळली तर तो माणूस कायमचा गेला समज.

रोटाव्हॅक या बाळांच्या जुलाबावरच्या लसीची मोठी ट्रायल २०११ ला सुरू झाली, दिल्ली, पुणे आणि वेल्लोरला, ६७९९ बाळं होती. बाळ येईल तेव्हा येईल असं तिथे नव्हतं, दर आठवड्याला घरच्यांशी संपर्क ठेवून जुलाब झालेत का हे विचारायचे. तुझ्याकडे एवढी माणसं नाहीत हे मला माहितेय, पण दोन व्हिजिटच्या मधे एक फोन, तारखेची आठवण सोडून नुसता तब्येत कशी आहे विचारायला, एवढं जमतंच.

आणि हिशोब परत करा. शेवटी १२० हातात पाहिजेत आणि २० टक्के गळणार असतील तर १२० चे २० टक्के वाढवून १४४ घ्यायचे नसतात, १४४ तले २० टक्के गेले की ११५ च उरतात. १२० भागिले ०.८, म्हणजे १५० घ्यायला लागतात. तुझे तर ४६ तले १३ आत्ताच गेलेत, म्हणजे गळती २० च्या वरच आहे.

प्रश्न : आईला एका ट्रायलमध्ये घेतलंय. तिला आता नको वाटतंय. सोडलं तर पैसे मागतील का, उपचार बंद करतील का?

उत्तर : नाही, दोन्ही नाही. कारण न सांगतासुद्धा केव्हाही बाहेर पडता येतं आणि तिचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत. ट्रायलमुळे काही इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमांत आहे. फक्त गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून शेवटची तपासणी करून घ्या. त्यांना हेही विचारा की गोळी सोडून नुसतं फोनवर तब्येत सांगितली तर चालेल का, आईची तयारी असेल तरच, कारण बऱ्याच जणांना त्रास फक्त ये-जा करण्याचा असतो. कुणी दबाव आणला तर संमतीपत्राची तुमची कॉपी काढा, त्यात एथिक्स कमिटीचा नंबर असतो, तिथे सरळ फोन लावा. कॉपी दिलीच नसेल तर आजच मागून घ्या, ती द्यायलाच लागते.