पाश्चात्त्य संस्कृतीच्या जडणघडणीत ख्रिस्ती धर्माचा सर्वांत मोठा वाटा कोणता?

माझ्या मते, मठांचा. पश्चिमेत रोमन साम्राज्य कोसळल्यावर शाळा, ग्रंथालयं हळूहळू ओस पडली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने इटलीत माँते कासिनोला मठ उभारला आणि प्रार्थना, अंगमेहनत, वाचन अशी दिवसाची घडी घालून दिली. वाचायचं तर पुस्तकं हवीत, म्हणून मठामठांत भिक्षू हातानं नकला करू लागले. बायबलबरोबर व्हर्जिल, सिसेरो या प्राचीन रोमन लेखकांचे ग्रंथही उतरवले गेले, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. प्राचीन लॅटिन साहित्यातलं जे आज हाती आहे, त्यातलं पुष्कळसं या नकलांमुळेच टिकलं.

789 मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने मठांत आणि कॅथेड्रलांत (बिशपच्या मुख्य चर्चमध्ये) मुलांसाठी शाळा काढण्याचा हुकूम दिला. त्याच काळात मठांत सुटसुटीत, गोल वळणाचं अक्षर रुजलं. आजची छापील इंग्रजीची लहान अक्षरं त्याचीच वंशज. पुढे पॅरिसचं विद्यापीठ कॅथेड्रलच्या शाळेतूनच वाढलं.

अर्थात याच चर्चने 1633 मध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतासाठी शास्त्रज्ञ गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले, तेही विसरून चालणार नाही. पण त्याआधी तो खगोलशास्त्र शिकवत होता ते इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात, आणि विद्यापीठ ही व्यवस्था मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपातच घडली होती.