वर्ल्ड ज्युनिअर आइस हॉकी: खेळातलं काही कळत नसताना मुंबईत बसून बघण्यात मजा आहे का?

आहे. आणि एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगच्या, आधी ही स्पर्धाच बघा. वीस वर्षांखालची पोरं खेळतात, त्यामुळे आघाडी टिकेलच असं शेवटपर्यंत कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. 2011 ची बफेलोतली फायनल घ्या. तीनपैकी दोन पिरियड (वीस-वीस मिनिटांचे भाग) झाले तेव्हा कॅनडा 3-0 ने पुढे. तिसऱ्या पिरियडमध्ये रशियाने पाच गोल चढवले आणि 5-3 ने सुवर्ण नेलं. पोरांचा धीर एकदा सुटला की मग आवरत नाही.

डोकीही तशीच तापतात. 1987 मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या पिएश्त्यानीला कॅनडा आणि सोव्हिएत संघांत अशी जुंपली की बेंचवरचे सगळे बर्फावर उतरले. शेवटी आयोजकांनी स्टेडियमचे दिवेच घालवले, तरी अंधारात हाणामारी सुरूच! दोन्ही संघ बाद झाले आणि सुवर्ण गेलं फिनलंडला.

स्पर्धा दरवर्षी साधारण 26 डिसेंबरला सुरू होते, 5 जानेवारीच्या आसपास संपते. दहा देश, पाच-पाचचे दोन गट, प्रत्येकातले चार क्वार्टर फायनलला. उरलेले दोघे आपसात खेळतात आणि हरणारा पुढच्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये जातो. या सामन्याकडे फारसं कुणी बघत नाही, पण मला तो चुकवावासा वाटत नाही.

आता नवख्यांची नेहमीची अडचण, पक दिसतच नाही. साडेसात सेंटिमीटरची रबराची चकती ती, टीव्हीवर दिसणार कशी? तिच्या मागे लागूच नका. खेळाडू कुठे वळतात ते बघा, चकती तिकडेच असते. आणि बेंचवर लक्ष ठेवा. एक खेळाडू जेमतेम 45 सेकंद खेळून बाहेर येतो, खेळ न थांबवता दुसरा आत उडी मारतो. ही अदलाबदल फसली की समोरच्याला मोकळं मैदान मिळतं. फाऊल झाला तर दोषी खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो. कबड्डीत गडी बाद झाल्यावर जी पोकळी पडते, तशीच इथे पडते. नियमांपैकी सुरुवातीला एवढं पुरे. ऑफसाइड, आयसिंग वगैरे बघता बघता कळेल.

वेळेचं म्हणाल तर स्पर्धा पूर्व कॅनडात असली की आपली चंगळ. तिथला संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होतो. चहा घेत एक पिरियड बघून सातची लोकल पकडता येते. युरोपातले रात्रीचे सामने मात्र आपल्या मध्यरात्री, तेव्हा दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या ठरलेल्या.

भारत यात दिसणार नाही. 1989 पासून आपण आंतरराष्ट्रीय महासंघाचे सदस्य आहोत, पण आपलं आइस हॉकी म्हणजे मुख्यतः लडाख. आम्हा मुंबईकरांना बर्फावरचं स्केटिंग माहीत झालं ते गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये, तेही रिंकचा कठडा धरून.

एक सल्ला. पहिल्या दिवसापासून बसू नका. सुरुवातीला एखादा बलाढ्य संघ नवख्या संघाला दहा-दहा गोल मारतो आणि तुम्हाला खेळच एकतर्फी वाटेल. थेट क्वार्टर फायनलपासून सुरू करा. त्या चारही एकाच दिवशी असतात, बहुधा 2 जानेवारीला.