पट्टी कोणती, ते पोरीलाच सांगू दे
(पेटीवाले काका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात)

प्रश्न: काका, मुलगी ९ वर्षांची आहे, तीन वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय. एका इंग्लिश म्युझिकलसाठी (गाण्यांच्या नाटकासाठी) मुलांच्या ऑडिशन आहेत, हातात तीन आठवडे. मेलमध्ये लिहिलंय की १६ बार तयार करून आणा. म्हणजे नक्की किती? आणि गाणं कुठलं घेऊ? क्लासच्या बाई म्हणतात छोटा ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाण्यातली जलद बंदिश, गाऊ दे, छाप पडेल. (एक आई, विलेपार्ले)

उत्तर: ताई, आधी हिशोब करून टाकू, कारण यात भलेभले फसतात. मागे एका बाबांनी १६ बार म्हणजे १६ मात्रा धरल्या, पोरगं एक ओळ गाऊन थांबलं आणि समोरचे लोक पुढचं कधी येतंय म्हणून बघत बसले. एका बारात साधारण चार मात्रा, म्हणजे १६ बार म्हणजे ६४ मात्रा, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची चार आवर्तनं. मध्य लयीत हे अर्ध्यापाऊण मिनिटात संपतं. त्यामुळे आलाप नको, मुखडा दोनदा नको, गाण्यातला जो तुकडा सगळ्यात रंगतो तिथूनच उचलायचं, बहुतेक वेळा शेवटचा अंतरा आणि त्यावरचं ध्रुवपद, आणि बस्स. आणि तो तुकडा कागदावर लिहून, कुठून कुठपर्यंत त्याच्या खुणा करून न्या म्हणजे वाजवणाऱ्याला विचारत बसावं लागत नाही.

ख्याल नको. बाईंचा मान राखून सांगतो. ख्यालाने गळा तयार झालाय ते ऐकू येणारच आहे, पण म्युझिकलवाल्यांना शब्द हवा असतो. शास्त्रीय शिकलेली मुलं काय करतात तर शब्दाच्या शेवटी मुरकी, म्हणजे स्वरांची झटकन गिरकी, घेतात, आणि शब्द राहतो बाजूला. घरी एक करा, गाणं आधी नुसतं बोलायला लावा, कोणाशी बोलतेय ते तिलाच ठरवू द्या, रुसलेल्या मैत्रिणीशी, आजीशी, शेजारच्या मांजरीशी, काहीही. मग तेच गात बोलायचं. आपल्याकडे १८८० साली किर्लोस्करांचं शाकुंतल हे संगीत नाटक आलं तेव्हापासून नाटकातलं पद हे संवादाचंच पुढचं पाऊल आहे, वन्समोर आणि ताना डोक्यावर बसल्या त्या नंतर. तेव्हा हे काही परकं नाहीये. गाणं तिच्या वयाचं घ्या, नऊ वर्षांची पोर विरहगीत गायला लागली की समोरची माणसं पाण्याची बाटली शोधायला लागतात.

आता माझा लाडका विषय, पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा ते. गेली वीसेक वर्षं मी मुलांच्या ऑडिशनला पेटी वाजवतोय. दादरच्या एका तालमीच्या हॉलमध्ये असाच बसलो होतो, एक चुणचुणीत मुलगी आत आली, नाव, वय, उंची सगळं घडाघडा सांगितलं, मी विचारलं बाळा, पट्टी? तिने वळून दाराकडे बघितलं. दाराच्या काचेला नाक लावून आई उभी होती आणि बोटांनी चार दाखवत होती. मी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी, दिली, पोरगी पहिल्याच ओळीत वर अडकली, मान ताणली गेली, मग दुसऱ्या ओळीपासून ती आमच्याकडे बघेनाच, फक्त काचेकडे. काचेपलीकडे आई ओठ हलवून शब्द पुरवत होती. आवाज छान होता हो. पण दिग्दर्शकाला जे कळायचं ते कळलं, की तालमीला ही पोर आपलं ऐकणार नाही, काचेचं ऐकणार.

क्लासमध्ये दहा मुली एकत्र गातात म्हणून सगळ्यांना एकच पट्टी, ती सोयीची पट्टी असते, तुमच्या मुलीची नव्हे. आणि कराओके ट्रॅक तर मूळ गायिकेच्या पट्टीत असतो. तर असं करा, गाण्यातली सगळ्यात वरची ओळ आणि सगळ्यात खालची ओळ काढा, पेटीवर अर्धा अर्धा स्वर खाली सरकत जा, दोन्ही ओळी जिथे हनुवटी न उचलता, न पुटपुटता निघतात तिथे थांबा. ती तिची पट्टी. ती तिला पाठ हवी, स्वतःच्या वर्गाच्या तुकडीसारखी. इंग्लिश म्युझिकलला पियानोवर बसलेल्या माणसाला काळी चार कळेलच असं नाही, त्याला जी शार्प म्हणायचं. काळी एक म्हणजे सी शार्प, तीन म्हणजे एफ शार्प. एवढं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं ना, की अर्धी ऑडिशन तिथेच झाली.

अजून एक, आणि हे बहुतेक कुणी घरी करतच नाही. गाणं झाल्यावर समोरून सांगतात, आता हेच रागावून गा, किंवा चोरपावलांनी चालत गा. पंधरा दिवस एकच हावभाव घोटून घेतलेली मुलं इथे गार पडतात. म्हणून हातवारे बसवूच नका. रोज संध्याकाळी तेच गाणं वेगळ्या मूडमध्ये गायला सांगा, कधी झोप आल्यासारखं, कधी पाऊस पडतोय आणि छत्री घरी राहिलीये तसं. मध्ये चुकली तरी परत पहिल्यापासून नाही, जिथे आहे तिथून पुढे. नजर परीक्षकांच्या डोळ्यात नको, त्यांच्या डोक्याच्या जरा वर. मेकअप नको, टाचांचे सँडल नको, कारण लगेच दोन स्टेप्स शिकवून नाचायला लावतात. आणि तुम्ही खाली कँटीनमध्ये चहा घ्या, दाराशी नको.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा, बालनाट्यात दोन वर्षं गायला, आता आवाज फुटतोय. ऑडिशनला नेऊ की नको? (बाबा, डोंबिवली)

उत्तर: न्या की. फक्त जुनं गाणं जुन्या पट्टीत नको, तो वरचा सा आता परत यायचा नाही. पाच-सहा स्वरांत फिरणारं गाणं घ्या, पट्टी खाली, आणि त्याला आधीच हसत सांगू दे की माझा आवाज फुटतोय, सगळ्यांनी हे बघितलेलं असतं. ओरडून गाऊन घेऊ नका, मॅचला गेला तर बोंबलू नको म्हणावं. सकाळी ओठ फुरफुरवत सूर लावायचा, बाकी पाणी.

प्रश्न: मुलीची निवड झाली! ती ११ वर्षांची आहे. आता निर्माता म्हणतो तालमी रोज सहा-सात तास, आणि फोटोंच्या पोर्टफोलिओसाठी आधी पैसे भरा. हे असंच असतं का? (एक आई, परळ)

उत्तर: अभिनंदन, आणि पैसे भरू नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, मागत असेल तर तिथेच नमस्कार करायचा. तासांचं म्हणाल तर तो कायदाच आहे, २०१६ साली बालकामगार कायदा बदलला आणि २०१७ च्या नियमांत १४ वर्षांखालच्या कलाकार मुलांचं सगळं लिहिलंय. दिवसाला पाच तासांच्या वर नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, शाळा बुडवायची नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची, तुम्ही नाही. दर पाच मुलांमागे जबाबदारी घेणारा एक माणूस हवा. मानधनातले किमान २० टक्के मुलीच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी. आणि मुलीची स्वतःची संमती लागते, नुसती तुमची नाही. हे सगळं एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा, चांगला निर्माता असेल तर चिडणार नाही.

प्रश्न: तीन ठिकाणी नाही म्हणाले, मुलगा रडतो. काय चुकतंय? (आजी, बोरिवली)

उत्तर: आजी, कदाचित काहीच नाही. भावंडांचे रोल असले की मुलं उंचीने जिन्यासारखी लावतात, तुमचा नातू दोन इंच जास्त असेल तर गाणं कितीही गोड असो. रडू दे त्याला, वडापाव द्या. आणि पुढची ऑडिशन रविवारी असेल तर आधी लोकलचा मेगाब्लॉक बघा हो, मागच्या वेळी एक पोरगा अंधेरीहून रिक्षाने धापा टाकत पोचला आणि दम लागल्यामुळे पहिला अंतरा नुसताच बोलला. गंमत म्हणजे त्याला घेतलं.